केळ्यांची खुर्ची

माझी मोठी बहीण सर्वस्वी माझ्यावर अवलंबून आहे, असं मी गेल्या एप्रिलमध्ये ऑफिसला लिहून दिलं. तिला हे माहीत नव्हतं. खरं सांगायचं तर लिहिताना मलाही ती बातमी नवीनच होती.

ताई भुईगावला राहते. वाडीतल्या घरात, एकटी. लहानपणी पोलिओमध्ये तिचा डावा पाय लुळा पडला. घरात ती काठी घेऊन चालते, आणि वाडीत काम करताना एक बुटकं स्टूल पुढे ढकलत, त्यावर बसत, केळीच्या एका आळ्यापासून दुसऱ्या आळ्यापर्यंत जाते. लग्न तिने केलं नाही. मी वसईत फ्लॅटमध्ये राहतो आणि कामणला एका गोदामात माल आत-बाहेर करण्याच्या कामावर देखरेख करतो. आमची घरची बोली वेगळी आहे. ती लिहायला गेलो तर वाचणाऱ्याला त्रास होईल. म्हणून ताईचं बोलणं इथे मी सगळ्यांना कळेल अशा मराठीत लिहितो. त्यात तिचा निम्मा तिखटपणा जातो, पण उरलेलाही पुरेसा आहे.

ताईला दर महिन्याला सरकारी अनुदान मिळतं. योजनेच्या नावात 'निराधार' हा शब्द आहे. ताई तो शब्द कधी उच्चारत नाही, ती त्याला 'माझा पगार' म्हणते. त्या पगारातून पंपाचं लाइट बिल जातं, नारळ उतरवणाऱ्याची मजुरी जाते, तिची औषधं येतात. रक्कम फार नाही, पण तिच्यामुळे ताईला कोणाकडे हात पसरावा लागत नाही. हे ती मला वर्षातून एकदा नक्की ऐकवते. भाऊबीजेला, ओवाळताना, निरांजन माझ्या तोंडासमोर असताना. त्या वेळी मला मान वळवता येत नाही.

माझे कराचे कागद स्टेशनजवळचा एक सल्लागार बघतो. वयाने लहान आहे, मला काका म्हणतो. त्याच्याच टेबलावर विमा, पॅनकार्ड आणि उमराह-काशी-तिरुपती अशा सगळ्या सहलींचं बुकिंगही होतं. मार्चअखेर मी त्याला सहज विचारलं, "अपंग माणसाला करात सूट असते का रे?"

"दिव्यांग म्हणा काका. असते ना. कोण आहे?"

"बहीण. पण तिला सरकारचं अनुदान मिळतं. मग सूट कशी मिळेल?"

"अनुदान वेगळं, सूट वेगळी. अनुदान घेतलं म्हणून सूट जात नाही. फक्त त्यांना कर किती बसतो?"

"तिला कसला कर? तिचं उत्पन्न काय?"

"मग झालं. सूट आहे, पण कापायची कशातून? त्यांची सूट त्यांच्या काही कामाची नाही." त्याने चहाचा घोट घेतला. "तुमच्या कामाची आहे. बहीण तुमच्यावर अवलंबून असेल, तिच्या औषधपाण्याचा खर्च तुम्ही करत असाल, तर सूट तुम्हाला. बहीण चालते. सर्टिफिकेट आहे ना?"

पाय तिचा, सर्टिफिकेट तिचं, सूट माझी. मला हे थोडं विचित्र वाटलं, पण कायद्यात बसतंय म्हटल्यावर विचित्रपणाची सवय व्हायला वेळ लागला नाही. सर्टिफिकेटची झेरॉक्स माझ्याकडे होती, कारण सर्टिफिकेटसाठी रांगा मीच लावल्या होत्या. ऑफिसच्या कागदावर 'अवलंबून' या शब्दापुढे मी बरोबरची खूण केली आणि झेरॉक्स टाचून कागद देऊन टाकला.

मी देवभोळा माणूस नाही, पण भित्रा आहे. खोटं लिहिलंय, ही गोष्ट मला बोचायला लागली. ते खोडून टाकावं हा सरळ उपाय मला सुचला नाही. मला सुचला तो असा, की लिहिलेलं खरं करून दाखवावं. ताई माझ्यावर अवलंबून नाही ना, मग तिला अवलंबून करावी.

आमच्या गोदामाला शुक्रवारी सुट्टी असते. दर शुक्रवारी मी भुईगावला जाऊ लागलो. पूर्वी मी सणावारी जायचो. आता गुडघ्याचा पट्टा नेला, मालिशचं तेल नेलं, न्हाणीघरात बसायची खुर्ची नेली. प्रत्येक वस्तूची पावती घेतली. ताई वस्तू बघायची, "बरं" म्हणायची आणि आत जायची. परत यायची ती पिशवी भरूनच.

कारण आमच्याकडे कोणाचं भांडं किंवा पिशवी रिकामी परत करत नाहीत. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर घालतील, पण रिकामं देणार नाहीत. ताईच्या घरात काही नाही असं कधी होत नाही. गुडघ्याचा पट्टा नेला, तर केळफूल, वालाच्या शेंगा आणि चार नारळ परत आले. तेलाच्या बाटलीला अळू आणि पपई. न्हाणीच्या खुर्चीला केळ्यांचा लोंगर, म्हणजे आख्खा घड, जो मला स्कूटरवर पुढे उभा करून आणावा लागला.

माझी बायको एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्ही ताईंना सांभाळताय ना हल्ली?"

"हो. का?"

"नाही, मी गणपतीपासून भाजीबाजारात गेलेली नाही, म्हणून विचारलं."

शेवटी मी हिकमत केली. असं काहीतरी न्यायचं की त्याची परतफेडच होणार नाही. दिवाळीनंतर मी चाकाची खुर्ची घेतली. चांगली, घडीची, निळ्या बैठकीची. टेम्पोतून ती अरुंद गल्लीत उतरवली तेव्हा शेजारची ख्रिस्ती बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. तिने आम्हा दोघांना लहानपणापासून पाहिलंय.

"काय रे," ती म्हणाली, "तू हल्ली नाताळच्या म्हाताऱ्यासारखा पिशव्या घेऊन येतोस. तो वर्षातून एकदा येतो, तू दर शुक्रवारी. पाप फार झालंय का?"

मी हसलो. तिचा अंदाज किती अचूक होता हे तिला ठाऊक नव्हतं.

ताईने खुर्चीभोवती काठी टेकत एक फेरी मारली. चाकं दाबून पाहिली. "याच्यात बसून मी खुरपणार कशी?" तिने विचारलं.

"खुरपायचं नाही. आराम करायचा. अंगणात बसायचं."

"अंगणात बसून काय करू? तू येतोस का बघू?"

त्या दिवशीही पिशवी भरूनच मिळाली.

पुढच्या शुक्रवारी गेलो तेव्हा अंगणात माझी खुर्ची उन्हात उभी होती. तिच्या दोन हातांवर आडवी फळी टाकलेली, फळीवर सूप, आणि सुपात सोललेली राजेळी केळी ओळीने मांडलेली. वसईत सुकेळी करतात ती अशी. पिकलेली केळी दिवसचे दिवस उन्हात वाळवायची, उलटायची, सावली आली की जागा बदलायची. पूर्वी जड सूप उचलायला ताईला कोणाला तरी हाक मारावी लागे.

"फार सोय झाली बघ," ती मनापासून म्हणाली. "ऊन सरकलं की मी नुसतं ढकलते. तू आणलेल्या वस्तूंत ही एक कामाची."

केळ्यांची काळजी घेण्यासाठी आयकरात सूट नाही, एवढं मला माहीत होतं.

गोष्ट इथवर हसण्यावारी राहिली असती. पण टेम्पो गल्लीत आला की सगळ्या गल्लीला दिसतो. थंडीत एका शुक्रवारी, मी ताईकडे जेवायला बसलो असताना, अनुदानाची पडताळणी करणारा सरकारी माणूस आला. पडताळणी दरवर्षीचीच होती, पण या वेळी त्याने आल्या आल्या विचारलं, "ताई, भाऊ गाडी भरभरून सामान आणतो म्हणे? खुर्ची आणली, काय काय आणलं."

मी आत स्वयंपाकघरात पानावर होतो. मी जे खरं करायला निघालो होतो ते खरं ठरलं, तर ताईचा पगार बंद होणार होता. इतक्या महिन्यांत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सूट मला, आणि तिची किंमत ताईच्या पंपाच्या बिलाएवढी.

"आणली ना खुर्ची," ताईचा आवाज आला.

"कुठेय?"

"ती काय. तुमच्या मागे."

तो वळला असावा.

"ही कोणाची खुर्ची आहे नक्की?"

"केळ्यांची," ताई म्हणाली.

तो माणूस हसला. हसताना तरी तो बरा वाटला. मग त्याने कामाचं विचारलं. "हे विकता का? याचं उत्पन्न किती येतं?"

"विकायला उरतं कुठे? हा आत बसलाय ना, तो घेऊन जातो."

"कोण?"

"भाऊ. दर शुक्रवारी येतो. जेवतो आणि पिशवी भरून नेतो."

त्याने दारातून आत डोकावलं. मी मांडी घालून बसलो होतो, पुढ्यात भरलेलं ताट, भिंतीला टेकवलेली भरलेली पिशवी. मी डाव्या हाताने नमस्कारासारखं काहीतरी केलं. त्याने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी विसरणार नाही. गावात असे भाऊ त्याने पुष्कळ पाहिले असावेत.

"म्हणजे यांचा तुम्हाला काही आधार नाही," तो ताईला म्हणाला. हा प्रश्न नव्हता.

"त्यालाच माझा आहे," ताई म्हणाली. "भात संपला की हाक मारतो, बघा."

त्याने हवं ते लिहून घेतलं आणि सही घेतली. ताईने चार सुकेळी पुढे केली, ती त्याने ड्युटीवर आहे म्हणून घेतली नाहीत. जाताना एवढंच म्हणाला, "चालू राहील तुमचं. काळजी करू नका."

बहिणीचं अनुदान वाचलं, ते मी फुकट्या आहे या पुराव्यावर. मला इतकं हायसं वाटलं की मी भात मागितला. मग तो वाढताना ताईचा हात पाहिला आणि राहवलं नाही.

"ताई, मी ऑफिसात लिहून दिलंय, की तू माझ्यावर अवलंबून आहेस."

भातवाढी थांबली. "कशाला?"

"करात सूट मिळते."

"माझ्या पायाची?"

"हो."

ती स्टुलावर बसली. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "म्हणून येत होतास होय शुक्रवारी?"

मी मान खाली घातली. नाही म्हणता आलं असतं, पण ते दुसरं खोटं झालं असतं आणि मग तेही खरं करत बसावं लागलं असतं.

"मी आत्ता त्या माणसाला दारात काय सांगितलं ते ऐकलंस ना?" तिचा आवाज खाली आला होता. "मी खरं सांगितलं. तू लिहिलंस ते कोणी त्याच्यासमोर ठेवलं, तर खोटी मी ठरेन. पगार माझा जाईल. तुझं काय जाईल?"

"काही नाही," मी म्हणालो. हे मात्र तंतोतंत खरं होतं.

"जेव आधी. आणि मग ते पुसून ये."

दुसऱ्याच दिवशी मी सल्लागाराकडे गेलो आणि बहिणीची सूट मला नको म्हणून सांगितलं. त्याने वाद घातला नाही. कॉम्प्युटरवर माझा पगार टाकला, काहीतरी खालीवर केलं आणि म्हणाला, "तशीही नको आहे काका. नव्या पद्धतीत तुमच्या उत्पन्नाला सरकारची पूर्ण सूट लागते. कर शून्य. तिथे बहीण दाखवता येत नाही, आणि दाखवायची गरजही नाही. ऑफिसने कापलं असेल ते रिटर्न भरल्यावर परत येईल."

"मग हे तू मला मार्चमध्येच का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत का? तुम्ही विचारलंत, अपंगांना सूट असते का. मी म्हटलं असते." तो जरा दुखावल्यासारखा झाला. "आणि तुम्हीच म्हणाला होतात, नवीन पद्धत म्हणजे फसवाफसवी, जुनीच ठेव."

म्हणालो होतो खरा.

ऑफिसात मी माझा कागद दुरुस्त करून दिला. शुक्रवारी भुईगावला जाऊन ताईला सगळं सांगितलं. कर शून्य आहे, तुझं नाव काढलंय, तुझा पगार सुरक्षित आहे. ती सुपातली केळी एकेक करून उलटत होती.

"म्हणजे माझी गरज नव्हतीच?"

"नव्हती."

"मग आज कशाला आलास?"

माझ्या हातात तिचा गेल्या खेपेचा डबा होता. बायकोने त्यात रव्याचे लाडू भरून दिले होते. मी तो पुढे केला. ताईने झाकण उघडून पाहिलं, एक लाडू फोडून तोंडात टाकला आणि मनाजोगं तूप नसल्यासारखा चेहरा केला.

"तूप जपून वापरलंय तिने," ती म्हणाली. डबा बाजूला ठेवून तिने काठीने अंगणाच्या पलीकडच्या टोकाकडे दाखवलं. माडाची सावली सुपावर आली होती. "बोलत काय बसलास? ऊन तिकडे गेलं. ढकल ती खुर्ची."

मी चपला काढल्या, खुर्चीचे दांडे धरले आणि केळ्यांना सांभाळून उन्हात नेलं.