टेपचा तुकडा

“जोर नाही लावाचा, शेठ. बोटाले इचारा,” असं म्हणत मिस्त्री रायफलची नळी मागून बंद करणारा बोल्ट एकाच बोटानं पुढे ढकलायचे. त्याआधी त्यातली स्प्रिंग काढून ठेवायचे. स्प्रिंग असली की बोटाला खरं कळत नाही, असं त्यांचं म्हणणं.

लकडगंजमध्ये माझं बंदूक दुरुस्तीचं परवान्याचं दुकान आहे. फुटपाथवर कुलपं विकून मी ते उभं केलं. मिस्त्री रोज उमरेडहून एसटीनं यायचे. नवी बॅरल, म्हणजे नळी, कायमची बसवण्याआधी ती नुसती हातानं फिरवून लावायचे आणि काडतुसाच्या मापाचे पोलादाचे दोन गेज, दुसरा किंचित लांब, आळीपाळीनं आत ठेवायचे. पहिल्यावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर अडला पाहिजे. दुसऱ्यावरही बंद झाला, तर काडतुसामागे फट जास्त. ते मागे फुटलं तर नेमबाजाचा डोळा जातो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. जेवणाच्या डब्याचं झाकणही ते एका बोटानंच लावायचे.

“मिस्त्री, घरीही असंच?”

“घरी तं बोटही नाही लावत, शेठ. मुकाट्यानं जेवतो.”

प्रताप नगरच्या एक मॅडम नेमबाजी शिकवतात. त्यांच्या रायफलसाठी मी एक बॅरल स्वस्तात उचलली. विकणारा रडकुंडीला आला होता, आणि मला माझ्या घासाघिशीचा अभिमान होता. दुसऱ्या गेजवर बोल्ट अलगद बंद झाला.

“लेथवर न्या लागन. आठ दिवस,” मिस्त्री म्हणाले.

“मॅडम आज येऊन राहिल्या! तुमचे गेजच घासले असतील.”

“गेज नाही घासले, शेठ.”

ते जेवायला गेले तेव्हा मी दुसऱ्या गेजच्या पाठीला टेपचा बारीक तुकडा लावला. मॅडम आल्या. त्यांच्यासमोर मी बोल्ट अडवून दाखवला. तेवढ्यात मिस्त्री हात पुसत आले. गेज उचलला, नखानं टेप सोलली, टेबलाच्या कडेला चिकटवली, गेज पुन्हा आत ठेवला आणि बोल्टला बोट लावलं. बोल्ट बंद झाला.

माझं डोकं फिरलं. “पाहा मॅडम! लेथचं काम टाळायला यांनीच टेप लावली, आणि आता घाबरून काढली!”

मॅडमना पटलं. “भाऊ, अशी माणसं ठेवू नका.”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. “काहून, शेठ?” एवढंच बोलले. गेज त्यांचे स्वतःचे होते. ते रुमालात गुंडाळून निघून गेले.

किती तरी दिवस मी रागच धरून होतो. खरं सांगतो, थोडा अजूनही आहे. मला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं? गिऱ्हाइकासमोरच? बॅरल मी दुसऱ्याकडून लेथवर नीट करून घेतली. लागले आठच दिवस.

मग उमरेडला गेलो. पहिल्यांदा त्यांच्या गल्लीच्या तोंडावरूनच परतलो. दुसऱ्यांदा दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, “लेकीकडं गेले ना जी. कायमचे.”

मॅडम अजून येतात. कधीतरी विचारतात, “तो मिस्त्री पुन्हा नाही ना ठेवला?”

मी “नाही” म्हणतो. तेव्हा माझा हात टेबलाच्या कडेवर असतो. तळव्याखाली पिवळा पडलेला तो टेपचा तुकडा असतो.