पाचवीला पोचलेला मेसेज

काल डोळखांबच्या पलीकडच्या पाड्यावर संगीताच्या लेकीची पाचवी पुजली. मी तिथली आशाताई, राहायला डोळखांबला असले तरी बाळंतपणं माझ्याकडेच, म्हणजे आमंत्रण हक्काचं... पण घरी आले ती डोकं फिरवूनच.

पाड्यावर रेंज नाही. म्हणून एका संस्थेचे सर येऊन सगळ्यांच्या मोबाइलमध्ये ॲप टाकून गेले. ब्लूटूथ चालू ठेवायचं, दोन फोन जवळ आले की मेसेज ह्यातून त्यात जाणार, असं करत करत माझ्यापर्यंत पोचणार. शाळेतल्या टेबलावर आपले नवेकोरे फोन मांडून त्यांनी दाखवलंसुद्धा. लगेच गेला की हो!

पण सध्या लावणी चालू आहे. चिखलात फोन कोण नेतं? प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सगळे घरात फळीवर. आता फोनच फिरले नाहीत तर मेसेज काय पायी येणार?

संगीताला कळा सुरू झाल्या तशी नणंदेने माझ्या नावाने मेसेज टाकला. स्क्रीनवर आलं, 'पाठवला'. बिचाऱ्या गाडीची वाट बघत बसल्या... दुपार कलली तरी! नवरा भिवंडीला गोडाऊनवर. शेवटी सासूच चिखल तुडवत रस्त्याला आली आणि दुधाच्या टेम्पोत बसून माझ्या दारात उभी राहिली.

"मेसेज गेला म्हनून आमी बसून रायलो गो बाय. गाडी काय आली नाय, म्हनून मीच आले."

जीप घेऊन सुटलो. आरोग्य केंद्राच्या पायरीवरच पोरगी झाली. थोडा उशीर झाला असता तर... नकोच ते.

तर काल पाचवीला बायका जमल्या. फोटो काढायला नणंदेने त्या दिवशी मेसेज टाकून बंद करून ठेवलेला फळीवरचा फोन काढला, चालू केला, आणि पूजा चालू असताना माझ्या पर्समधला फोन वाजला. 'वहिनीला कळा आल्यात, लवकर गाडी पाठवा.' बाळ माझ्या मांडीवर झोपलेलं!

रेंजमध्ये आल्या आल्या सरांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी, आणि म्हणाले काय, तर "पण ताई, पोचला ना शेवटी?" त्यांच्याकडे तो मेसेज यशस्वी म्हणून नोंदला जातो म्हणे. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या.

ॲप वाईट आहे असं मी म्हणत नाही. लावणीत चार दिवस पाड्यावर येऊन राहा, मग सुधारा. तोवर निदान स्क्रीनवर 'पाठवला' लिहू नका, 'अजून घरातच आहे' असं लिहा.

आणि रिपोर्टमध्ये हेही येऊ द्या, की आजी आधी पोचली.