टाकीवरचा ध्रुवतारा

पुण्यात आकाशदर्शनाचा दोन दिवसांचा वर्ग करून मी उन्हाळ्यात खुटबावला मामांकडे गेले. जेवणं झाल्यावर त्यांना आणि मामींना गच्चीवर नेलं आणि उत्तरेकडे बोट दाखवलं. "मामा, तो ध्रुवतारा. तो जागचा हलत नाही."

"कसा हालंल? पाण्याच्या टाकीवरचा दिवा हाय त्यो."

मी वाद घालत होते, तेवढ्यात गावातली लाइट गेली आणि माझा ध्रुवतारा विझला. मामी हसत हसत खालीच बसल्या.

मामांनी मात्र माझं बोट धरलं, सप्तर्षींच्या पुढच्या दोन ताऱ्यांवरून सरळ खाली नेलं आणि एका मिणमिणत्या ताऱ्यावर थांबवलं. "ह्यो बघ. एवढुसाच असतोय."

वर्गाचं प्रमाणपत्र मी पिशवीतून बाहेर काढलंच नाही.