डावखुरी गाठ

आधीच माफी मागतो. मी लिहिणाऱ्यांतला नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच. इथे एवढे जाणते लोक अनुभव लिहितात, त्यात मी काय सांगावं... पण माझा रूममेट सागर म्हणाला, "तू लिही, नाहीतर मी लिहीन आणि वरून मसाला टाकीन." म्हणून हे धाडस.

भूत, करणी, मंत्र – माझा कशावरच विश्वास नव्हता. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे.

आम्ही दोघं नाशिकला गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत राहतो. सागर सटाण्याचा, मी हरसूलजवळच्या पाड्यावरचा. तो रविवार होता, भर दुपार. सोमवारी माझं प्रॅक्टिकल. आणि चार दिवसांपासून आमची कपिला गाय हरवलेली. दावं तोडून डोंगराकडे गेली होती, तीही दिवस भरलेली. आईनं जेवण सोडलं होतं. बाबांचा हरसूलहून फोन आला तेव्हा मी म्हटलं, येतो. तर बाबा म्हणाले, "तू येऊन काय करशील? परीक्षा दे गुमान."

पुस्तक उघडं, आणि मन डोंगरात.

सागरनं लॅपटॉप उघडला. "दोन तास पिक्चर बघ भो. गाय काही पुस्तकात सापडायची नाही." पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा इंग्रजी पिक्चर होता. शाळेतल्या चार मुली चेटूक शिकतात असा. मी असलं कधीच पाहिलं नव्हतं. एक मुलगी हवेत तरंगायला लागली तेव्हा सागर म्हणाला, "हिला बोलव, आपला पंखा पुसायचा राहिलाय." मी बऱ्याच दिवसांनी हसलो.

मग एक मुलगी हरवलेल्या कुत्र्यासाठी दोरीला गाठ मारते. मी म्हटलं, "हे तर आमच्याकडेही करतात! वस्तू हरवली की आई पदराला गाठ मारते, सापडली की सोडते."

"मग मार की कपिलेसाठी. हा घे टॉवेल."

मारली. थट्टेतच... पण कपिलेचं नाव मात्र मनापासून घेतलं. मी डावखुरा आहे, माझी गाठ उलटी बसते. सागरनं ओढून पाहिली, दातही लावले. "ही काय सुटायची नाही," म्हणाला आणि समोरच्या दोरीवर टॉवेल टाकला.

पिक्चर संपला. दाराला आतून कडी, आम्ही दोघं गादीवरून हललोही नव्हतो. वर पाहिलं तर टॉवेल सरळ लोंबत होता. गाठ नव्हती. नुसती चुणी उरली होती.

"काय करी राह्यना भो तू?" सागर जरा दूर सरकला.

"मी कुठं काय केलं?"

त्याचं म्हणणं, पंख्याच्या वाऱ्यानं सुटली. मग आम्ही तशीच गाठ मारून पंखा पाचवर ठेवला, तीन वेळा. एकदाही सुटली नाही. कसं झालं ते मला आजही सांगता येत नाही. पण त्या दिवशी मन एकदम हलकं झालं हे खरं. रात्रभर अभ्यास केला, प्रॅक्टिकल चांगलं गेलं.

पाड्यावर रेंज नाही. बाबा हरसूलच्या बाजाराला आले की मगच फोन येतो. त्या आठवड्यात आईही सोबत आली होती. तिनं आधी मी जेवलो का ते विचारलं, मग सांगितलं, "कपिला आली रं. रविवारी, दिवस कलल्यावर. संगं कालवड हाय, लय गोड."

मी खूश झालो. तिकडे ती मात्र थांबली.

"काय झालं आई?"

"तिच्या गळ्यातलं दावं तुटलं व्हतं ना? त्याला गाठ मारेल हाय. बाबाला सुटंना, मला सुटंना. उलटी गाठ हाय... तू मारतो तशी."

मी दोरीवरच्या टॉवेलकडे पाहिलं.

"खरं सांग," आई हळूच म्हणाली, "परीक्षा सोडून तू येऊन गेला व्हता का?"