यादीवरचा राखणदार

विश्रामबागेतल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या म्हसवडच्या गृहस्थांना न कळता जगातली कोणतीही वस्तू इकडची तिकडे होऊ शकत नव्हती. त्यांच्या डब्यातली चटणी कुणी चाखायला त्यांची ना नसे, उलट आग्रह असे, पण "घ्या की! फकस्त सांगून घ्या," एवढी अट. एकदा मी त्यांच्या खुर्चीवर नुसता रुमाल ठेवला, तर संध्याकाळपर्यंत "कवा ठेवलास? का ठेवलास?" चाललं होतं. असा माणूस जावास्क्रिप्टमध्ये पडल्यावर दुसरं काय करणार? प्रत्येक अ‍ॅरेपुढे, म्हणजे प्रोग्राममधल्या यादीपुढे, त्यांनी प्रॉक्सी बसवला. यादीतलं कुणी वाचो वा बदलो, आधी या राखणदाराशी गाठ. तो नाव आणि वेळ टिपून घेई आणि मगच आत सोडी. "इचारल्याबिगर आत हात घालायचा न्हाई, गड्या," ते अभिमानानं सांगत. आम्ही पोट धरून हसायचो.

मग बेदाण्याच्या एका शीतगृहाचं काम आलं. माल उतरवायला आलेल्या टेम्पोंची नंबरवार यादी. ती नीट लागावी म्हणून एका सकाळी मी घाईघाईत, कुणाला न विचारता, तिच्यावर सॉर्ट चालवला. नुसतं सॉर्ट म्हटलं की जावास्क्रिप्ट आकडेही अक्षरांसारखे, पहिला अंक बघून लावतं, हे मी साफ विसरलो. दहा, अकरा, बारा पुढे गेले आणि दोन नंबरच्या टेम्पोतले एक म्हातारे शेतकरी उन्हात ताटकळले. फोनवर ते कडाडले, "आवं, तुमच्यात धाच्या मागनं दोन येतंय व्हय?"

साहेबांनी खापर फोडलं ते प्रॉक्सीवर. "नसती भानगड मध्ये घातली की असंच होणार," म्हणत त्यांनी ते काम काढून घेतलं आणि गृहस्थांना गिऱ्हाइकांचे फोन घ्यायला बसवलं. मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. चूक माझी आहे हे सांगायचं सोडून मी स्क्रीनकडे बघत राहिलो. आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

नोंदीत माझं नाव असणार, हे मला ठाऊक होतं. गृहस्थ ते कधी बाहेर काढतील या धास्तीनं आठवडा काढला. शेवटी एका दुपारी मीच चोरून नोंदी उघडल्या. कुणी यादी पाहिली, कुणी नंबर घातला, सगळं ओळीनं होतं. त्या सकाळच्या माझ्या ओळी तेवढ्या पुसलेल्या होत्या. मी वळून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे न बघताच डबा पुढे सरकवला.

"घे गड्या. चटणी लय हाय."

सांगून घे, असं त्या दिवशी ते म्हणाले नाहीत. सांगायचं तर मलाच होतं. पण मी मुकाट्यानं चटणी घेतली.