मेंढ्या बसल्याच नाहीत

ओल्या लोकरीचा वास आला की मला अणदूरजवळचं आमचं रान आठवतं. रान कसलं, तेव्हा नुसता खड्डा उरला होता. नव्या रस्त्याच्या भरावासाठी आमच्या माळाचा मुरूम नेला, "जमीन सपाट करून देतो" म्हणाले आणि टोकदार खडक उघडा टाकून गेले. वडिलांनी तलावातला गाळ आणून पसरला, कडुनिंबाची रोपं लावली. एका मोठ्या पावसात गाळ, रोपं सगळं वाहून गेलं. मग त्यांनी ओळखीच्या धनगरमामांना गाठलं. "तुमचा कळप बसवा. लेंड्यांनी तरी जमीन धरंल." मामा म्हणाले, "बसवतो की. आमच्याबी चराईचंच रान व्हतं ते." त्या दिवशी दुपारी सर येऊन गेली होती. सांजच्याला जाळीची वाघर लावून मेंढ्या आत घातल्या, पण एक बसेल तर शपथ! पाय उचलत, एकमेकींना चिकटून उभ्याच. मामा चुचकारत होते, वडील वाकून दगड वेचत होते, किती वेचणार? शेवटी एक मेंढी वाघर ढकलून निघाली, मागोमाग सगळा कळप, आणि वरच्या रस्त्याच्या भरावावर जाऊन निवांत बसला. मामा उठवायला धावले, तर वडील खड्ड्यातूनच म्हणाले, "राहू द्या, पाव्हणं. तेबी आमचंच रान हाय." आता तुळजापूरला जाताना त्या रस्त्याच्या कडेला तरवड पिवळाधमक फुललेला दिसतो. खाली आमचा खड्डा अजून तसाच आहे.