ओरिन्शाने वाढलेला मासा

ओरिन्शाच्या घरी चहा प्यायचा तर डोळ्यांना धुराची सवय हवी. सगळं गाव चुलीत सकसौल घालतं आणि ही बाई उंटाच्या लेंड्यांच्या गोवऱ्या. सकसौलचं लाकूड वाकडंतिकडं, दगडासारखं टणक. एकदा पेटलं की निखारा सकाळपर्यंत जिवंत. गोवरीचं तसं नाही. ती आधी रुसते, मग धुमसते आणि पाहुणा खोकायला लागला की पेटते. मी तिची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. या गावात लग्न होऊन आले तेव्हापासून हा खोकला खोकते आहे.

तिचं म्हणणं साधं होतं. तिच्या लहानपणी गावामागे सकसौलचं रान होतं. लोकांनी ते लग्नांत जाळलं, बारशांत जाळलं, मयतीच्या जेवणांत जाळलं. रान संपलं तशी त्या बाजूने वाळू चालत आली. आता वारा सुटला की आम्ही उंबऱ्यावरची वाळू फावड्याने ओढतो आणि संध्याकाळी त्याच फावड्याने सकसौलचे निखारे. यात काही विसंगत आहे असं ओरिन्शाखेरीज कुणालाच वाटत नव्हतं. मलाही नाही, खरं सांगायचं तर.

समुद्राचंही तसंच. आमच्या कास्पियनात बेकिरे नावाचा मोठा मासा होतो, पाठीवर हाडांचे खवले असलेला, आणि त्याच्या पोटातली काळी गाबोळी म्हणजे श्रीमंतांच्या पंगतीचा मान. तो धरायला बंदी आहे. पण बंदीचा मासा जास्तच चवदार लागतो, हे काय मी सांगायला हवं? ओरिन्शाचा नवरा उतेगेन बेकिरेच्याच जाळ्यावर पोट भरायचा. एकदा त्याच्या जाळ्यात सील अडकून किनाऱ्यापर्यंत आला. आम्ही त्याला कुत्रामासा म्हणतो. मानेत दोरा रुतलेला, आणि तान्ह्या पोरासारखा रडत होता. ओरिन्शाने मेंढ्यांची लोकर कापायच्या कात्रीने जाळं कापलं. जनावराने जाता जाता तिच्या मनगटाला चावा घेतला. तो वण अजून आहे. घरी येऊन ती नवऱ्याला म्हणाली, "या घरात एकतर हे जाळं राहील, नाहीतर मी." उतेगेन हसला, पण जाळं गोठ्याच्या छपरात टांगलं आणि बंदरावर हमालीला लागला. तो वारल्यावरही ते तिथेच लटकत होतं.

तेव्हापासून या घरात बेकिरे नाही, सकसौल नाही. गाव तिला कंजूष म्हणायचं. तिचा धाकटा दीर जुमागाली तर येता-जाता टोमणा मारल्याशिवाय राहायचा नाही.

"वहिनी, समुद्र तुमच्या नावावर केलाय का हो कुणी?"

"नाही भावजी. तुमच्या नावावर केलाय असं कळलं, म्हणून जरा जपून खाते."

अशी ही बाई. एवढं सगळं सांगितलं ते पुढचं नीट कळावं म्हणून.

तिची एकुलती एक मुलगी झेरे बालवाडीत शिकवायची. वय वाढत चाललं होतं, आणि गावाला दुसऱ्याच्या मुलीचं वय तोंडपाठ असतं. अशात शहरातून दाउरेनचं स्थळ आलं. मुलगा बंदरावर क्रेन चालवणारा, शांत, झेरेला मनापासून आवडलेला. त्याच्या घरात शब्द चालायचा तो आजीचा, बालसेकेरचा. ती स्वतः सगळ्या व्याह्यांना घेऊन सोयरीक पक्की करायला येणार असं ठरलं. त्या दिवशी मेंढीच्या शेपटीची चरबी आणि कलेजी एकमेकांच्या तोंडात भरवली की लग्न ठरलं. मग ते आभाळ कोसळलं तरी मोडत नाही. पण भरवेपर्यंत मोडू शकतं, आणि मोडलेली सोयरीक मुलीच्याच कपाळी चिकटते.

बातमी फुटली तशा बायका ओरिन्शाकडे जमल्या.

"शहरातले लोक गं. त्यांना गोवरीच्या धुरात बसवणार?"

"समुद्राकाठचं घर आणि पंगतीच्या दस्तरखानावर बेकिरे नाही? म्हणतील, बाईची ऐपतच नाही."

"ऐपत नाही असं म्हटलं तर बरं. मान दिला नाही म्हणतील!"

आमच्याकडे मूल बोलायला लागलं की त्याला आई-बापाच्या पाठोपाठ जो शब्द शिकवतात तो 'लाज'. लोक बघतायत, लाज वाटू दे. या एका शब्दावर आम्ही रांगतो, नांदतो आणि मरतो. ओरिन्शा इतकी वर्षं गावाच्या हसण्याला पुरून उरली होती. पण ते हसणं तिच्या एकटीवर होतं. आता ते लेकीवर जाणार होतं, आणि तिथे ती नमली.

झेरे म्हणाली, "आई, आपल्या घरात जे शिजतं तेच वाढ."

"तुला नांदायचंय, मला ऐकून घ्यायचंय," ओरिन्शा म्हणाली. "तू गप्प बस."

मी तिथेच बसले होते. हे ऐकल्यावर झेरेने आईकडे असं पाहिलं की मी पेला खाली ठेवून माझ्या घरी निघून आले.

जुमागालीला निरोप गेला. तो आला तो मिश्या पिळतच.

"बेकिरे? वहिनी, तुमच्या तोंडी हे नाव शोभतं हो! पण माझी जाळी गस्तवाल्यांनी उचलून नेली. दादाचं आहे ना छपरात?"

ओरिन्शा स्वतः शिडीवर चढली. स्वतःच्या हाताने तिने ते जाळं खाली काढलं, झटकलं आणि दिराच्या खांद्यावर टाकलं. त्या जाळ्याला तरंगायच्या बुचांऐवजी उतेगेनने जुन्या रबरी सपातांचे तुकडे कापून बांधले होते. लहानपणी झेरेने प्रत्येक तुकड्यावर नखांना लावायचा लाल रंग फासला होता, बाबांचं जाळं दुरून ओळखू यावं म्हणून. सकसौलचाही एक ढीग जुमागालीने आणून टाकला. एकदा नेम मोडला की मग काय, दोन्ही एकदमच.

पाहुणे आले. घोड्याचं मांस, कणकेचे तळलेले बाउरसाक, उंटिणीचं आंबवलेलं दूध, आणि मधोमध ताटभर बेकिरे, शेजारी वाडग्यात काळी गाबोळी. चूल धुराविना धगधगत होती. बालसेकेर मानाच्या जागी बसली होती, पांढऱ्या रुमालात, ताठ. तिने ताटाकडे बराच वेळ पाहिलं. मग एक बारीकसा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "विहीणबाई, मोठाच मान दिलात." बाकी तिने त्या ताटाला हात लावला नाही. म्हातारं माणूस, पचत नसेल, असं मला वाटलं. बाकीच्यांनी ताट पुसून खाल्लं. मीही खाल्लं. चवीला नाव ठेवायला जागा नव्हती.

चरबी-कलेजी भरवून झाली. सोयरीक पक्की. पाहुणे मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले तेव्हा जुमागाली छाती काढून सगळ्यांना निरोप देत होता, जणू मुलगी त्याचीच. ओरिन्शाचा चेहरा मात्र जागरण केल्यासारखा उतरलेला.

त्या दिवशी वारा फिरला. दुपारी झेरे किनाऱ्यावर गेली आणि पळत परत आली. "आई, चल." एवढंच म्हणाली. मीही मागोमाग गेले.

जुमागालीने हावेपोटी जाळं पाण्यातच ठेवलं होतं. एक मिळाला तर दुसराही मिळेल म्हणून. लाटांनी ते गुंडाळून वाळूवर आणून टाकलं होतं आणि आत सील होता. मादी. मान वळलेली, तोंडात दोरा, डोळे उघडे. पाण्यातला जीव पाण्यातच गुदमरून मेला होता. वर येऊन श्वास घेता आला असता तर जगली असती, जाळ्याने वर येऊ दिलं नाही. आणि त्या सगळ्या गुंत्यात रबराचे ते लाल तुकडे.

"बाबांच्या सपाता," झेरे म्हणाली.

ओरिन्शा घरी गेली, कात्री घेऊन आली आणि मेलेल्या जनावराभोवतीचं जाळं कापायला बसली. मी म्हटलं, "अगं, आता काय उपयोग?" तिने ऐकलं नाही. एकेक दोरा कापला. मनगटावरचा तो जुना वण जाळ्यावर पुढे-मागे होत होता. तो मला बघवेना.

संध्याकाळी झेरेने चहा केला. आमच्याकडे पाहुण्याच्या पेल्यात चहा अर्ध्याहूनही कमी ओततात. पेला रिकामा झाला की पुन्हा थोडा, पुन्हा थोडा. म्हणजे बसा, घाई नाही, मला ओतत राहायला आवडेल. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे प्या आणि उठा. झेरेने आईसमोर पेला ठेवला तो काठोकाठ. ओरिन्शाने तो निमूटपणे दोन्ही हातांनी उचलला आणि सगळा प्यायली.

लग्न होऊन सासरी जाईपर्यंत झेरेने आईला असाच चहा दिला. भांडण नाही, शब्द नाही. मी एकदा रागाने म्हटलं, "पोरी, आई आहे ती तुझी!" ती म्हणाली, "म्हणूनच तर, काकू. दुसरं कुणी असतं तर मी मनाला लावून घेतलं नसतं."

आणि गावाचं काय? गाव खूश! त्याच बायका आता विहिरीवर ओरिन्शाला जागा करून द्यायच्या. "आता कशी माणसांत आलीस! काय मासा वाढलास गं!" हे कौतुक ऐकताना तिचं तोंड असं व्हायचं की आधीचे टोमणे परवडले. एकदा ती मला म्हणाली, "जनाची नाही तर मनाची तरी लाज धरावी म्हणतात. मी जनाची धरली, आणि मनाची तेवढी सोडली." तिने चुलीत पुन्हा गोवऱ्या घालायला सुरुवात केली होती, पण दार लावून, चोरून. जणू आता तो हक्कही तिला उरला नव्हता.

वसंत ऋतूत व्याह्यांचं आमंत्रण आलं. रीतच आहे: ज्या मानाने बोलावलं होतं, त्याच्या तोडीच्या मानाने परत बोलवायचं, कमी पडलं तर हसं होतं. ओरिन्शा, जुमागाली आणि सोबत म्हणून मी, असे शहरात गेलो. फाटकाशी पोहोचताच मला दिसलं आणि तिलाही: भिंतीला लावून सकसौलची उंच रास. ओरिन्शाचं पाऊल तिथेच अडखळलं.

आत दस्तरखान मांडलेलं. मधोमध आख्खा बेकिरे, आमच्या ताटातल्यापेक्षा मोठा, आणि गाबोळीचे दोन वाडगे. जुमागालीने हात चोळले. बालसेकेरने स्वतः मोठा तुकडा उचलून ओरिन्शापुढे धरला.

"घ्या, विहीणबाई. खरं सांगू? या घरात हा मासा येऊन जमाना झाला. आमचे हे कोळी होते. जाताना म्हणाले, आता धरू नका, पोरांच्या पोरांना बघायला तरी राहू दे. आम्ही पाळलं. तुमच्याकडे मी खाल्लं ते वाढलेल्या ताटाचा अपमान नको म्हणून. पण तुम्ही एवढा मान दिलात, मग आम्ही कमी पडून कसं चालेल? लाज वाटेल ना आम्हाला!"

ओरिन्शाचा हात पुढे आला होता, तो तसाच राहिला. खोलीत सगळे तिच्याकडे बघत होते. झेरे चहाच्या सामोवाराशी बसली होती, तिने मान वर केली नाही.

"आमच्याही घरात शिजत नाही," ओरिन्शा म्हणाली. आवाज इतका बारीक की बालसेकेर पुढे वाकली. "कधीच नाही. त्या दिवशी शिजलं ते तुम्ही काय म्हणाल या भीतीने. नवऱ्याचं टांगलेलं जाळं मीच काढून दिलं, भावजींनी नुसतं टाकलं. त्यात कुत्रामासा मेला. माझ्या लेकीने बघितला." ती थांबली. "आणि आता हा तुमच्याकडे आला तोही माझ्यामुळे. तुमच्या म्हाताऱ्यांचा शब्द मी मोडला, विहीणबाई. मला लाज वाटते. हा माझ्याच्याने खाववणार नाही."

दुसऱ्याच्या दस्तरखानावर वाढलेलं नाकारणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर मारल्यासारखं. मी जमिनीकडे बघत बसले. बालसेकेरने तो तुकडा हळूच ताटात परत ठेवला.

"एका लाजेपोटी दोन घरांनी नेम मोडला," ती पुटपुटली. "आणि वयाने मी मोठी."

"आता मेलेला मासा काही पोहत जाणार नाही," जुमागाली म्हणाला आणि त्याने आपल्या ताटात ओढून घेतला. कुणी हसलं नाही. कुणी अडवलंही नाही. तो एकटाच खात राहिला, हळूहळू, आणि मग त्यानेही हात आखडता घेतला.

झेरे उठली. सगळ्यांना ओलांडून आईपाशी आली आणि तिच्यासमोर चहाचा पेला ठेवला. तळाशी जेमतेम दोन घोट चहा होता.

ओरिन्शाने पेल्याकडे पाहिलं आणि तोंडावर रुमालाचं टोक ओढलं. झेरे सामोवाराशी परत जाऊन बसली, पुन्हा ओतायला लागेल म्हणून. चहा निवून गेला तरी ओरिन्शाला तो पेला उचलवला नाही.